कपडे, साखर आणि एक जळालेली मोटर

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी येथे माझे मामा राहतात. त्यांचे आयुष्य शिक्षकी पेशात गेले. त्यांच्या न्हाणीघरात दोन टपांचे एक जुने वॉशिंग मशीन आहे. एका टपात कपडे धुवायचे आणि दुसऱ्या, लहान टपात ते फिरवून पिळायचे. गेल्या उन्हाळ्यात पिळण्याच्या टपाची मोटर जळाली. त्या मॉडेलची मोटर बाजारात मिळेना. तेव्हा ओळखीच्या एकाने तेवढ्याच ताकदीची, तेवढेच फेरे देणारी दुसरी मोटर आणून मशीनच्या तळाला बोल्टांनी घट्ट आवळून बसवली. रिकामा टप छान फिरला. ओले कपडे घालून कळ दाबली मात्र, मशीन धडधडत न्हाणीघरभर चालू लागले!

"ताकद तीच, फेरे तेच. मग बिघडले कुठे?" मामांनी मला विचारले. या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानाच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा मामांच्या गावापर्यंत येतो. कारण ढोकी हे नाव मराठवाड्यात सर्वांना माहीत झाले ते तेरणा साखर कारखान्यामुळे.

ओले कापड भोके असलेल्या टोपलीत घालून गरगर फिरवले, तर पाणी भोकांतून बाहेर पडते आणि कापड आत राहते. या तत्त्वावरील यंत्राचे पेटंट पेन्झोल्ट याने १८३७ साली फ्रान्समध्ये घेतले. ते कापड वाळवण्यासाठी होते. पुढच्या काही वर्षांतच साखर तयार करणाऱ्यांचे लक्ष तिकडे गेले. त्यांची अडचणही तशीच होती. उसाचा रस आटवला की साखरेचे दाणे आणि मळी यांचा दाट रगडा तयार होतो. त्यातून मळी वेगळी कशी करायची? पूर्वी तो शंकूच्या आकाराच्या भांड्यांत भरून ठेवत आणि मळी आपोआप निथळण्याची वाट पाहत. त्याला कित्येक आठवडे लागत. टोपलीत घालून फिरवल्यावर तेच काम काही मिनिटांत होऊ लागले.

हवाई बेटांवर १८५२च्या सुमारास डेव्हिड वेस्टन याने साखरेसाठी असे यंत्र वापरात आणले. पण यात एक मोठी अडचण होती. टोपलीत रगडा सगळीकडे सारखा कधीच पसरत नाही. एका बाजूला थोडा जरी जास्त झाला, तरी टोपली हिसके देऊ लागते. धारवे (बेअरिंग) झिजतात, पाया हादरतो. यावर साहजिक सुचणारा उपाय म्हणजे सगळे अधिक घट्ट आवळणे. वेस्टनने नेमके उलट केले. १८६७च्या आपल्या पेटंटमध्ये त्याने टोपलीचा दांडा वरून टांगला आणि त्याच्या टांगणीत लवचीकपणा ठेवला. टोपलीला किंचित झुलण्याची मोकळीक मिळाली. फिरणाऱ्या वस्तूला अशी मोकळीक असली आणि वेग पुरेसा असला, की ती आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते. मग धारव्यांना बसणारे हिसके खूपच कमी होतात. वरून टांगलेली ही रचना साखर कारखान्यांत पुढे रूढ झाली.

आता मामांच्या मशीनचे गणित करू. टपाची त्रिज्या ११ सेंटिमीटर आणि फेरे मिनिटाला १३५० धरले, तर कडेचे त्वरण गुरुत्वाच्या सुमारे २२० पट भरते. म्हणजे एका बाजूला १०० ग्रॅमचा ओला रुमाल जास्त झाला, तर तो टपाला सुमारे २२ किलो वजनाइतक्या बलाने ओढतो. त्या ओढीची दिशा एका सेकंदात २२ वेळा पूर्ण फिरते. म्हणूनच अशा मशीनमध्ये मूळ मोटर स्प्रिंग व रबराच्या पायांवर उभी असते आणि टपासह झुलते. नव्या मोटरने ही मोकळीकच काढून घेतली होती. वेस्टनने सोडवलेला प्रश्न आम्ही बोल्ट आवळून पुन्हा निर्माण केला होता!

मोटरचा स्वतःचाही इतिहास इथे उपयोगी पडतो. फिरत्या चुंबकीय क्षेत्राने धातूचा दंडगोल फिरवता येतो, हे इटलीच्या गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ साली दाखवले. १८८८ साली निकोला टेस्ला यांना अशा मोटरची पेटंटे मिळाली. क्षेत्र फिरते व्हायचे तर निदान दोन प्रवाह हवेत आणि ते एकमेकांच्या मागेपुढे हवेत. कारखान्यात थ्री-फेज वीज असते, तिथे हे आपोआप साधते. घरात सिंगल-फेज असते. म्हणून मोटरला दुसरे वेटोळे देतात आणि कपॅसिटर जोडून त्यातला प्रवाह पुढे सरकवतात. कपॅसिटर निकामी झाला, तर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. पुष्कळदा "जळाली" म्हणून काढलेली मोटर चांगली असते आणि बिघाड कपॅसिटरमध्ये असतो.

धुण्याच्या टपाच्या मोटरला उलटसुलट फिरायचे असते. म्हणून तिची दोन्ही वेटोळी सारखी असतात आणि टायमर कपॅसिटर आळीपाळीने एकेकाशी जोडतो. पिळणारी मोटर एकाच दिशेने फिरते. या दोन मोटरींची अदलाबदल चालत नाही. अमेरिकेतून आणलेल्या जुन्या मशीनची गोष्ट आणखी निराळी. तिथली वीज ६० हर्ट्झची. १७२५ फेऱ्यांच्या मोटरऐवजी आपली ५० हर्ट्झची, सुमारे १४२५ फेऱ्यांची मोटर पट्ट्यावर बसवली, तर मोटरवरची पुली सुमारे सव्वापट मोठी घ्यावी लागते.

शेवटी मामांची जुनी मोटरच कामी आली. शेतातील पंपांच्या मोटरी भरून देणाऱ्या कारागिराने जळालेल्या तारेचा गेज पाहिला, वेढे मोजले आणि ती पुन्हा भरून दिली. तिचे रबरी पाय आणि कपॅसिटर तेवढे नवे घातले. काम करताना प्लग काढला होता, कपॅसिटर बल्बमधून रिकामा केला होता, आणि शेवटी अर्थिंगची तार व झाकणाचा ब्रेक तपासला.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. खेळण्यातली छोटी मोटर घ्या, तिच्या दांड्यावर एका बाजूला खोडरबराचा तुकडा टोचा आणि सेलवर चालवा. आधी ती मुठीत घट्ट धरा. मग दोन रबरबँडांना टांगून रबरबँड हातात धरा. दोन्ही वेळा हाताला काय जाणवते, ते मुलांना सांगू द्या. आणि शेवटी विचारा : यंत्राला ताकद देताना मोकळीकही का द्यावी लागते?