नोकरदार घराची दिवाळी : वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे नियोजन

इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर या शहरांत होळकर, पवार आणि शिंदे यांच्याबरोबर आलेली मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. या घरांतली दिवाळी अजूनही मराठी पद्धतीची आहे : पहाटेचे अभ्यंगस्नान, घरचा फराळ, पाडव्याची ओवाळणी. बदलले आहे ते घर. पूर्वी एका स्वयंपाकघरात चार-पाच बायका असत. आता नवरा-बायको दोघेही नोकरीवर, मुले शिकवणीला आणि सासू-सासरे सत्तरीच्या पुढे अशी स्थिती आहे. काम मात्र तेवढेच राहिले आणि बहुतेक घरांत ते एकाच व्यक्तीच्या अंगावर पडते. ती थकली की पुढच्या वर्षी फराळ विकत येतो, त्याच्या पुढच्या वर्षी अभ्यंगस्नान सुटते. परंपरा अशीच, कंटाळ्याने नव्हे तर थकव्याने बंद पडते. सण न आटपता काम कसे वाटून घ्यावे, यासाठी सभासद कुटुंबांकरिता ही माहिती एकत्र दिली आहे.

तिथी आणि रजा

आपले पंचांग अमान्त आहे, म्हणजे महिना अमावास्येला संपतो. मध्य प्रदेशातील हिंदी पंचांग पूर्णिमान्त आहे, तिथे महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हींकडे महिन्याचे नाव एकच असते, वद्य पक्षात वेगळे. आपली धनत्रयोदशी अश्विन वद्य त्रयोदशी, शेजाऱ्यांची धनतेरस कार्तिक कृष्ण त्रयोदशी, दिवस तोच. मुलांना हे एकदा समजावून सांगितले की दोन कॅलेंडरांमुळे होणारा गोंधळ संपतो. श्रावणी सोमवार मात्र खरोखरच पंधरा दिवसांच्या फरकाने सुरू होतात. वटसावित्रीचेही तसेच. इकडे ती ज्येष्ठ अमावास्येला, आपली वटपौर्णिमा त्यानंतर पंधरा दिवसांनी. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच घरातल्या कॅलेंडरावर आपल्या तिथींना लाल खूण करावी आणि ऑफिसच्या सुट्ट्यांच्या यादीशी ताडून पाहावी.

दिवाळीत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. अभ्यंगस्नान चंद्रोदयाच्या वेळी चतुर्दशी असेल त्या पहाटे असते, लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी अमावास्या असेल त्या संध्याकाळी. काही वर्षी दोन्ही एकाच दिवशी येतात. काही वर्षी मतभेद होतो. २०२४ साली अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी सुरू होऊन १ नोव्हेंबरला संध्याकाळी संपली, त्यामुळे कुठे पहिल्या तर कुठे दुसऱ्या दिवशी पूजन झाले. अशा वर्षी आपल्या घरात कोणते पंचांग मानतात ते महिनाभर आधी ठरवून त्याप्रमाणे रजेचा अर्ज द्यावा. एकच रजा मिळणार असेल तर ती लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घ्यावी. पूजेच्या दिवशी बहुधा सुट्टी असतेच, खरी धावपळ आदल्या दिवशी होते.

आधी कामांची यादी, मग सामानाची

खर्चाचा हिशेब बहुतेक घरांत ठेवला जातो, श्रमाचा ठेवला जात नाही. बँकेत आमच्याकडे सप्टेंबरअखेरचे सहामाही हिशेब संपले की दिवाळीचे वेध लागत. तेव्हापासूनची माझी सवय अशी की वहीच्या एका पानावर सात शीर्षके लिहायची : बाजार, साफसफाई, भाजणे-दळणे, तळण, पूजा, पाहुणे व फराळाचे डबे, आवरणे. प्रत्येकापुढे एक नाव लिहायचे. एकच नाव तीनपेक्षा जास्त वेळा आले तर वाटणी चुकली असे समजावे.

शेवटचे शीर्षक विशेष महत्त्वाचे. तळणानंतरची कढई, ओटा, तेलकट झारे, पाहुणे गेल्यावरची भांडी ही कामे कुणी मोजत नाही आणि ती तळणाऱ्या बाईकडेच येतात. ज्याने तळले त्याने आवरायचे नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ फरक पडतो.

वाटणी करताना प्रत्येकाला झेपेल ते द्यावे. आजी-आजोबांना बसून करायची कामे : वाती वळणे, वेलची सोलणे, डाळे-दाणे निवडणे. मुलांना पणत्या धुऊन वाळवणे, रांगोळी, शंकरपाळी कापणे. पुरुषांनी बाजारहाटावर थांबू नये. चकलीचा सोऱ्या फिरवायला हाताला जोर लागतो आणि बेसन मंद आचेवर भाजायला सलग पाऊण तास उभे राहावे लागते. या दोन कामांना कोणत्याही पूर्वतयारीची गरज नाही.

पंधरा दिवसांचे वेळापत्रक

वसुबारसेपासून मागे मोजावे.

पंधरा दिवस आधी : माळे आणि कपाटे. एका रविवारी एकच खोली घ्यावी, सगळे घर एकदम काढू नये. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवावा. जुने सेल, बल्ब, मुदत संपलेली औषधे कचरागाडीला वेगळी द्यावीत.

बारा दिवस आधी : किराणा. सियागंजात सणाच्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मैदा, रवा, बेसन, पिठीसाखर, सुके खोबरे, तेल आधीच आणावे. पातळ पोहे सांगून घ्यावेत, नाहीतर न्याहारीचे जाड पोहे मिळतात. अनारसे करायचे असतील तर तांदूळ याच दिवशी भिजत घालावेत.

आठ दिवस आधी : चकलीची भाजणी भाजून दळून आणणे, अनारशाचे पीठ गुळात मळून ठेवणे.

पाच-सहा दिवस आधी : शंकरपाळी आणि बेसनाचे लाडू.

तीन-चार दिवस आधी : चकली, शेव, चिवडा.

एक-दोन दिवस आधी : करंज्या आणि अनारसे. ओल्या नारळाची करंजी करायची असेल तर ती ज्या दिवशी खायची त्याच दिवशी करावी.

तळण शक्यतो एकाच संध्याकाळी दोघांनी मिळून करावे. एकाने लाटावे, दुसऱ्याने तळावे. एकाच कढईत तळणार असाल तर गोड पदार्थ आधी आणि तिखट नंतर, नाहीतर शंकरपाळीला चकलीचा वास लागतो.

फराळाची मापे

चार माणसांच्या घराला आणि आठ-दहा डब्यांच्या देवाणघेवाणीला पुरेल अशी ही मापे आहेत.

चकलीची भाजणी : तांदूळ ४ वाट्या, हरभऱ्याची डाळ २ वाट्या, उडदाची डाळ १ वाटी, धने पाव वाटी, जिरे २ चमचे. तांदूळ-डाळी धुऊन, सावलीत वाळवून, वेगवेगळ्या भाजाव्यात. उकड काढताना १ वाटी भाजणीला साधारण १ वाटी पाणी आणि १ मोठा चमचा तेल. आधी एकच चकली तळून पाहावी. तेलात विरघळू लागली तर मोहन जास्त झाले, थोडी कोरडी भाजणी मिसळावी. पाडतानाच तुकडे पडत असतील तर पाण्याचा हात लावून पीठ पुन्हा मळावे. चकली मंद ते मध्यम आचेवर बुडबुडे कमी होईपर्यंत तळावी. मोठ्या आचेवर वरून लाल होते आणि संध्याकाळपर्यंत मऊ पडते.

शंकरपाळी : दूध, साखर, तूप प्रत्येकी १ वाटी. एकत्र गरम करून साखर विरघळली की उतरवावे, कोमट झाल्यावर मावेल तेवढा मैदा घालावा. साधारण साडेचार ते पाच वाट्या लागतो.

बेसनाचे लाडू : बेसन २ वाट्या, तूप पाऊण वाटी, पिठीसाखर १ वाटी. साखर मिश्रण कोमट झाल्यावरच घालावी. गरम असताना घातली तर ती सुटते आणि लाडू बसतात.

चिवडा : पातळ पोहे अर्धा किलो. दोन तास उन्हात ठेवले की भाजताना आकसत नाहीत. फोडणी थोडी निवल्यावर पोहे घालावेत.

अनारसे : तांदूळ तीन दिवस भिजवावेत, पाणी रोज बदलावे. कापडावर सावलीत पसरून किंचित ओलसर असतानाच दळावेत, चाळून बारीक चिरलेला गूळ घालून मळावे. गोळा चार-पाच दिवस मुरू द्यावा. तळताना खसखशीची बाजू वर ठेवावी आणि अनारसा उलटू नये.

प्रत्येक पदार्थ पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावा. कोमट भरला की वाफ धरते. चकली, शेव, शंकरपाळी घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे टिकतात.

सगळेच घरी करायला हवे असे नाही. वेळ दोनच संध्याकाळींचा असेल तर चकली आणि बेसनाचे लाडू घरी करावेत, बाकी आपल्यातल्याच घरगुती फराळ करणाऱ्या भगिनींकडून घ्यावे. मागणी मात्र आठ-दहा दिवस आधी द्यावी.

दिवसागणिक काय सोडू नये

वसुबारस : गाय-वासराची पूजा. जवळ गोठा नसेल तर रांगोळीने काढलेल्या किंवा पाटावर मांडलेल्या गाय-वासराची करतात. पुष्कळ घरांत या दिवशी गहू आणि दूधतूप वर्ज्य असते, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करतात. कामाच्या दिवशी हा सोपाच स्वयंपाक आहे.

धनत्रयोदशी : धने-गुळाचा नैवेद्य आणि दक्षिणेकडे ज्योत करून यमदीपदान.

नरक चतुर्दशी : तेल, उटणे, सूर्योदयापूर्वीचे स्नान, मग सगळ्यांनी एकत्र फराळ. उटणे, तेल, टॉवेल, नवे कपडे रात्रीच काढून ठेवावेत. मुलांच्या मनात घर करणारा हाच दिवस आहे. बाकी काही कमी पडले तरी ही पहाट चुकवू नये.

लक्ष्मीपूजन : लाह्या, बत्तासे, नवी केरसुणी. राजवाड्याकडची गर्दी टाळायची तर हे सामान तीन दिवस आधी आणावे.

पाडवा : साडेतीन मुहूर्तांपैकी अर्धा. शेजारी या दिवशी गोवर्धन पूजा आणि अन्नकूट करतात. डबे देण्याघेण्याला हा दिवस चांगला, आलेला डबा रिकामा परत पाठवू नये.

भाऊबीज : भाऊ पुण्याला किंवा परदेशात असेल तर वेळ आधी ठरवून व्हिडिओ कॉलवर ओवाळतात. फराळाचे पार्सल किमान दहा दिवस आधी निघायला हवे. त्यात चकलीऐवजी शंकरपाळी आणि चिवडा घालावा, चुरा होत नाही.

तुळशीचे लग्न : कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत केव्हाही. इकडे आदल्या दिवशी देवउठनी ग्यारस असते आणि बाजारात ऊस सहज मिळतो, तेव्हाच आणून ठेवावा. लग्न शनिवार-रविवारी लावले तर शेजारची मुलेही येतात.

कामवाल्या मावशींची दिवाळी

त्यांनाही घर आहे आणि तिथेही सण आहे. बोनस धनत्रयोदशीच्या आधी द्यावा, म्हणजे त्यांच्या बाजाराला उपयोगी पडतो. लक्ष्मीपूजन आणि पाडवा हे दोन दिवस सुट्टी द्यावी आणि त्या दिवसांच्या भांड्यांसाठी घरात आधीच नावे ठरवावीत.

दिवाळीची वही

भाऊबीजेनंतरच्या रविवारी अर्धा तास काढून वहीत लिहावे : कोणता पदार्थ किती केला, किती उरला, कोणते सामान वाया गेले, एकूण खर्च किती, डबे कोणाकडे गेले आणि कोणाकडून आले. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंची मापे त्यांच्यासमोर बसून लिहून घ्यावीत. त्या "अंदाजाने" म्हणतील. तेव्हा त्यांनी मूठभर घेतलेले पीठ वाटीत मोजून आकडा लिहावा. कोणती वाटी तेही लिहावे, कारण प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते. ही वही सुनेच्या, मुलाच्या, मुलीच्या, सगळ्यांच्या हाती लागेल अशा जागी ठेवावी.