ऐकणाऱ्यांची नोंद

वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सुरू केलेले गुप्त नभोवाणी केंद्र गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे १९६१ पर्यंत चालले. जंगलातून बोलणाऱ्या या दोघांबद्दल आपण वाचतो. पण ऐकणाऱ्यांचे काय?

लघुलहरींवरचा आवाज ओसरतो, पुन्हा चढतो. मध्येच दुसरे स्टेशन घुसते. काटा केसभर इकडेतिकडे सरकवत राहावे लागते. आवाज मोठा केला की खरखरही वाढते, आणि सालाझारच्या राजवटीत तो भिंतीपलीकडे गेलेला परवडण्यासारखा नव्हता.

लिबियाताईंना २०२५ ची पद्मश्री मिळाली, आनंद झाला. ते बटण फिरवणाऱ्यांची नावे मात्र मला कुठे वाचायला मिळाली नाहीत. मी कारकून माणूस; नोंद नसली की चैन पडत नाही. तुमच्या घरी कोण ऐकत असे? वडीलधाऱ्यांना आजच विचारा, लिहून ठेवा.