गर्भवतींवरील औषधप्रयोग आणि माहेरची वाट

औषधप्रयोगाचा इतिहास लिहिताना द्रव्य, मात्रा आणि निष्पत्ती यांची नोंद साक्षेपाने होते. प्रयोगात कोण आली, शेवटपर्यंत कोण राहिली आणि मध्येच कोण दिसेनाशी झाली, हा प्रश्न मात्र बहुधा तळटीपेत जातो. गर्भवतींच्या बाबतीत हीच तळटीप मूळ संहितेइतकी महत्त्वाची ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पहिला दाखला मुंबईचा. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर गर्भिणींच्या पांडुरोगाचा शोध घेण्यासाठी मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांत हा रोग अधिक आढळत असे. डॉ. तळपदे यांच्या समवेत त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. आणि यीस्टच्या अर्कापासून बनविलेल्या मार्माइट या खाद्यपदार्थाने हा विकार बरा होतो, हे १९३१ साली प्रसिद्ध केले. या शोधातूनच पुढे फोलिक आम्लाचा माग लागला. न्याहारीला पावास लावावयाचा पदार्थ येथे औषध ठरला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अन्न आणि औषध यांच्यामधील सीमारेषा गर्भिणीच्या बाबतीत प्रारंभापासूनच पुसट होती.

त्यानंतर काळ पालटला. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेल्या थॅलिडोमाइडमुळे सहस्रावधी बालके व्यंगे घेऊन जन्मली, आणि १९६१ साली ते औषध तेथील बाजारातून काढून घेण्यात आले. अमेरिकेत १९७७ साली अपत्यक्षम स्त्रियांना औषधप्रयोगांच्या प्रारंभिक टप्प्यांतून वगळण्याचे धोरण आले; ते १९९३ साली मागे घेतले गेले. या सावधगिरीमागील हेतू रास्त होता, परंतु परिणाम विपरीत झाला. स्त्रिया औषधे, काढे व चूर्णे घेतच राहिल्या. त्यांची परीक्षा तेवढी व्हावयाची राहिली.

महाराष्ट्रातील दोन अलीकडच्या अभ्यासांनी निराळी वाट धरली. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात विवाहित स्त्रियांच्या पाळीच्या तारखा घरोघर जाऊन नोंदल्या गेल्या, त्यामुळे गर्भधारणा लवकर कळू शकली. पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची अर्भके अधिक भरलेली आढळली. हे निरीक्षण प्रयोगाने पडताळण्यासाठी मुंबईच्या वस्त्यांत २००६ ते २०१२ या काळात ‘सारस’ प्रकल्प झाला. त्यात ६५१३ स्त्रियांची यदृच्छ वाटणी करून एका गटास पालेभाजी, फळे व दूध यांचा, तर दुसऱ्यास बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा खाऊ दिला गेला. एकल जिवंत जन्म १९६२ झाले. पण त्यांपैकी १३६० अर्भकांचीच मापे जन्मानंतर लगेच घेता आली. सर्व स्त्रिया एकत्र धरता वजनात निर्णायक वाढ दिसली नाही. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ सुरू झालेल्या मातांच्या अर्भकांत मात्र सुमारे ४८ ग्रॅमची वाढ आढळली. उरलेल्या सहाशे अर्भकांचा विचार करताना, बाळंतपणासाठी माहेरी वा गावी जाण्याची रीत दृष्टीआड करून चालणार नाही.

या पार्श्वभूमीवर रायगडच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर तालुक्यांचा विचार करावा. येथील वाड्या-पाड्यांत कातकरी व ठाकूर समाजांची वस्ती आहे. पावसाळ्यात ओढे वाट अडवितात. दिवाळीनंतर पुष्कळ कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. मजुरीचा करार जोडीचा असतो, म्हणून नवऱ्याबरोबर बायकोही जाते. आषाढात दिवस राहिलेली स्त्री भाद्रपदात तिसऱ्या महिन्यात नोंदली गेली, तर तिचे बाळंतपण फाल्गुनाच्या अखेरीस वा चैत्रात, म्हणजे भट्टीवर. तिला ‘गळती’ म्हणणे ही भाषेची चूक नव्हे, दृष्टीची आहे. ती प्रयोगातून गेली नाही. प्रयोग तिच्यामागे गेला नाही.

आयुर्वेदोक्त गर्भिणी-परिचर्येची परीक्षा अशा प्रदेशात करावयाची, तर आणखी एक अडचण उभी राहते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात मासानुमास क्रम दिला आहे: पहिल्या महिन्यात साधे दूध, दुसऱ्यात मधुर द्रव्यांनी सिद्ध केलेले, तिसऱ्यात मध-तूप घातलेले, चौथ्यात दुधासह लोणी. ज्या घरी दूधच नाही, तेथे असा क्रम सुरू करताच स्त्रीची प्रकृती सुधारली, तर श्रेय वनस्पतीचे की दुधाचे? दोन्ही गटांस दूध द्यावे आणि सिद्धद्रव्यापुरताच भेद ठेवावा, हे शास्त्रास धरून होईल. न्यायासही धरून होईल. शिवाय दुधासाठी दिलेली संमती ही कितपत स्वेच्छेची, याचाही निर्णय आधी करावा लागेल.

तेव्हा नोंदणीच्या दिवशीच तीन गोष्टी विचाराव्यात: माहेर कोणते, भट्टी कोणती, आणि परत केव्हा येणार. मापे घेणारी परिचारिका त्या ठिकाणी पोहोचेल अशी तजवीज खर्चाच्या अंदाजपत्रकातच असावी. याला खर्च अधिक येईल, हे खरे. परंतु घरी राहू शकणाऱ्या स्त्रियांवरून काढलेला निष्कर्ष राहू न शकणाऱ्या स्त्रियांना लागू करणे हे शास्त्र नव्हे. आणि औषधाची गरज बहुधा या दुसऱ्यांनाच अधिक असते.