काचेवर वेग दाखवणारा ‘एचयूडी’ काय असतो? जुन्या गाडीत बसवताना काय पाहावं?

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 52 धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातून जातो. चौपदरी रस्त्यावर गाडी 80 वरून 100 वर कधी पोहोचली हे लक्षातही येत नाही. वेग पाहायचा तर नजर खाली न्यावी लागते. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जाते. गळीत हंगामात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली पुढे असेल, तर हा एक सेकंदही महागात पडू शकतो.

यावर उपाय म्हणून ‘हेड-अप डिस्प्ले’ म्हणजेच एचयूडी विकला जातो. तो वेगाचा आकडा थेट समोरच्या काचेवर दाखवतो.

हे तंत्रज्ञान आलं कुठून?

लढाऊ विमानांतून. वैमानिकाला मान न वळवता माहिती दिसावी, हा त्यामागचा हेतू. 1988 मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्समोबाइल कटलास सुप्रीम या कारमध्ये तो दिला. भारतात 2022 च्या मारुती बलेनोच्या वरच्या मॉडेलमध्ये तो कंपनीकडूनच येऊ लागला. ज्यांच्या गाडीत तो नाही, त्यांच्यासाठी बाहेरून बसवायचे एचयूडी बाजारात आहेत.

प्रकार कोणते?

- ओबीडी एचयूडी: स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला वायर जोडली जाते. वेग, इंजिनचे आरपीएम, कूलंटचं तापमान अशी माहिती थेट गाडीच्या कॉम्प्युटरकडून मिळते. बीएस-6 गाड्यांत हा पोर्ट असतोच; जुन्या गाडीत आहे का, हे आधी तपासावं.
- जीपीएस एचयूडी: उपग्रहाच्या मदतीने वेग मोजतो. पोर्ट नसलेल्या जुन्या जीपलाही चालतो. मोबाइलची रेंज लागत नाही, पण बोगद्यात बंद पडतो आणि आकडा किंचित उशिरा बदलतो.
- मोबाइल अॅप: डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनचा आकडा काचेवर उलटा पडतो आणि सुलटा दिसतो. उन्हात फोन तापतो, वळणावर घसरतो.

दोन आकडे वेगळे का दिसतात?

स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये, असा नियम आहे. त्यामुळे कंपन्या तो थोडा जास्तच दाखवतात. जीपीएसचा आकडा त्यापेक्षा कमी दिसला, म्हणून तो बिघडलाय असं नाही.

दुहेरी आकडा आणि स्टिकर

समोरच्या काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रकाश परततो, म्हणून आकडा दुहेरी दिसतो. कंपनीच्या एचयूडीसाठी त्यानुसार खास काच वापरता येते. स्वस्त एचयूडीसोबत त्यासाठी एक फिल्म मिळते. इथे सावध राहायला हवं. समोरच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आत यायलाच हवा, असा नियम आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली आहे. गडद स्टिकरपेक्षा थोडा दुहेरी आकडा परवडला.

घेण्याआधी एवढं पाहा

- मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात भरदुपारी आकडा पुसट होतो. पोलराइज्ड गॉगल घातला तर आणखी पुसट दिसतो.
- रात्री उजेड आपोआप कमी होतो का? नाहीतर काचेवरचा आकडाच डोळ्यांवर येतो.
- ओबीडी पोर्टला गाडी बंद असतानाही करंट असतो. एचयूडी आपोआप बंद होत नसेल आणि गाडी काही दिवस उभी राहिली, तर बॅटरी उतरू शकते.
- डिस्प्ले किंवा वायर एअरबॅगच्या जागेवर येऊ देऊ नका.
- गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

मग बसवावा का?

वेगमर्यादेचा अलार्म आणि मोठा आकडा एवढंच हवं असेल, तर उपयोग आहे. पण स्वस्त एचयूडीचा आकडा काचेपासून जवळच दिसतो आणि रस्ता लांब असतो. नजर वर राहिली तरी डोळ्यांना फोकस बदलावाच लागतो. आरपीएम, व्होल्टेज, तापमान असं सगळं एकदम लावलं, तर लक्ष रस्त्याऐवजी आकड्यांवर जातं. म्हणून सेटिंगमध्ये फक्त वेग ठेवावा. एचयूडी गाडीचा वेग सांगतो. अंधारातली ट्रॉली मात्र चालकालाच पाहावी लागते.