पन्हाळा ते पावनखिंड : मधली वाट

कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या पन्हाळगडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्या यादीतील बारा किल्ल्यांत विशाळगड नाही. आणि या दोन गडांना जोडणाऱ्या रानवाटेला तर तीत स्थान असण्याचा प्रश्नच नव्हता. वाट म्हणजे वास्तू नव्हे. चालणारे आहेत तोवरच ती असते. दरवर्षी पावसाळ्यात अनेक जथे दोन दिवसांत पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जातात आणि त्यांत पती-पत्नींच्या जोड्याही असतात. आम्ही उभयतांनी त्यातला पहिला दिवस चालून पाहिला आहे.

प्रसंग सर्वश्रुत आहे. अफझलखानाच्या वधानंतर नोव्हेंबर १६५९ मध्येच शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. १६६० च्या मार्चमध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहर याने गडास वेढा दिला. राजापूरच्या वखारीतील इंग्रजही तोफा घेऊन त्याच्या साहाय्यास आले. (व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या युद्धात पडू नये, हे पुढल्या वर्षी महाराजांनी राजापूर लुटले तेव्हा त्यांना उमगले असावे.) पाऊस लागला तरी वेढा सैल होईना. तेव्हा १२ जुलैच्या रात्री महाराज सुमारे सहाशे मावळ्यांसह पालखीतून निसटले. गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा शिवा काशीद महाराजांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसला, शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला.

आपल्या पाठ्यपुस्तकांत यापुढच्या वाक्यात एकदम घोडखिंड येते. पायांना मात्र असे एका वाक्यात तेथे पोहोचता येत नाही. गड उतरल्यावर पुन्हा चढून मसाईचे पठार लागते. हे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार पावसाळ्यात इतके धुक्यात बुडते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. मग कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी. ओढे, चिखल, जळवा, आणि भाताच्या खाचरांत इरली पांघरून वाकलेल्या बायका. रानातली वाट अशी अरुंद की दोघांना शेजारी चालता येत नाही. एक पुढे, एक मागे. आणि पुढच्याने मागच्याची चाल ओळखून पाऊल टाकायचे. सहाशे माणसे चार-चार फुटांवर अशी एकामागे एक चालली, तर ओळच जवळजवळ अर्धा मैल लांबते. त्यात खांद्यावर पालखी घेतलेले भोई. त्यांची पावले एकमेकांशी जुळली नाहीत तर पालखी ओढ्यात जायची. आम्ही दिवसाउजेडी, हातात काठी आणि पिशवीत भाकरी घेऊन, निम्मी वाट चालून थकलो. त्यांनी ती मागे सिद्दी मसूदचे घोडेस्वार असताना रात्रीच्या चिखलातून काढली. इतिहासात त्या भोयांची नावे नाहीत.

खिंडीत बाजीप्रभू देशपांडे सुमारे तीनशे मावळ्यांसह थांबले आणि महाराज पुढे गेले. विशाळगडालाही सुर्वे व दळवी यांचा वेढा होताच. तो फोडून त्यांना गडावर जावे लागले. गडावरील तोफांचे बार ऐकूनच बाजींनी प्राण सोडला, असे परंपरा सांगते.

वाटेत एका धनगरवाड्यावर टेकलो असता पत्नीने विचारले, “त्या तीनशेंतले जे परतले नाहीत, त्यांच्या घरी निरोप कोणी नेला असेल हो?” मी इतिहासाची बरीच पुस्तके वाचली आहेत, पण हा प्रश्न मला कोठे भेटला नव्हता. बाजी आणि त्यांचे बंधू फुलाजी यांच्या समाध्या विशाळगडावर आहेत. बांदलांना पुढे तलवारीच्या पहिल्या पानाचा मान मिळाला. पण तो मान घराण्याचा. बांदलांचे हिरडस मावळ भोरकडे, तेथून कित्येक मजलांवर. भर आषाढात, नद्यांना उतार नसताना, कोणीतरी ती नावे तोंडपाठ करून पायीच तिकडे गेला असेल आणि एकेका दारी थांबला असेल.