कांगॉची टेकडी आणि एक मराठी सेनानी



आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. त्याचा लष्कराशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. परंतु १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतले, ते हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी. आपल्या वाडवडिलांच्या शेतसाऱ्यावर ती फौज पोसली गेली. तिच्याच पलटणींतून १९२२ साली १९वी हैदराबाद रेजिमेंट बनली. आज तिला कुमाऊँ रेजिमेंट म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात या रेजिमेंटच्या एका पलटणीशेजारी जो मराठी अधिकारी लढला, त्याची ही हकिगत आहे.

त्यांचे नाव शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. जन्म १९०६ चा, कोल्हापूरकडचा. त्या काळी हिंदुस्थानात अधिकारी घडविणारी संस्था नव्हती. डेहराडूनची अकादमी १९३२ साली निघाली. विलायतेतील सँडहर्स्टला हिंदी तरुणांसाठी मोजक्याच जागा असत. थोरात तेथून १९२६ साली अधिकारी झाले आणि १४व्या पंजाब रेजिमेंटमध्ये रुजू झाले. हाताखाली पंजाबी मुसलमान, शीख, डोग्रा, पठाण. अधिकारी व जवान यांची बोलण्याची भाषा उर्दू. मराठी घरातील तरुणाने ती शिकून घेतली, कारण ज्याला माणसांचे बोलणे कळत नाही, त्याच्या मागून माणसे आगीत शिरत नाहीत.

जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील आराकान किनाऱ्यावर कांगॉ येथे जपानी सैन्याची माघारीची वाट अडवायची होती. ५१व्या ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते: हैदराबाद पलटणीचे थिमय्या, बलुच पलटणीचे सेन आणि दुसऱ्या पंजाबच्या दुसऱ्या पलटणीचे थोरात. हिंदी अधिकाऱ्यांना लढाईत पलटण सांभाळता येईल काय, अशी शंका घेणारे गोरे अधिकारी तेव्हा कमी नव्हते. महिनाअखेर ‘मेलरोज’ हे सांकेतिक नाव दिलेल्या टेकडीसाठी घनघोर, हातघाईची लढाई झाली आणि टेकडी हाती आली. तिन्ही प्रमुखांना डी. एस. ओ. हे शौर्यपदक मिळाले. शंकेचे उत्तर असे दिले गेले. पण ज्या जवानांनी ही लढाई खांद्याला खांदा लावून लढली, त्यांचीही १९४७ साली दोन देशांत वाटणी झाली. बलुच रेजिमेंट आणि थोरातांची पहिली १४वी पंजाब पाकिस्तानात गेली.

दुसरी कसोटी कोरियात लागली. १९५३ साली मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे २२ हजार युद्धकैद्यांवर देखरेख करणाऱ्या भारतीय दलाचे थोरात प्रमुख होते. चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत डांबून ठेवले. गोळीबार केला असता तर कितीतरी निःशस्त्र माणसे मेली असती. थोरात स्वतः त्या खवळलेल्या जमावात शिरले, त्यांच्याशी बोलले, आणि मेजर सुखरूप सुटला. या धैर्यासाठी त्यांना अशोकचक्र, वर्ग दुसरा, मिळाले.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण. पूर्व विभागाचे सेनापती असताना १९५९ साली त्यांनी अहवाल दिला की, चीनने ईशान्य सरहद्दीवर हल्ला केल्यास आपले बळ अपुरे पडेल. मुख्य बचाव बोमडिला येथे उभारावा. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ही अकारण भीती वाटली. थोरात १९६१ साली निवृत्त झाले. ऑक्टोबर १९६२ मध्ये हल्ला झाला आणि त्यांनी सांगितलेला धोका खरा ठरला. किंमत डोंगरात अपुऱ्या कपड्यांनिशी लढणाऱ्या जवानांनी मोजली.

म्हणून पालकहो, मुलाने अधिकारी व्हावे असे म्हणताना केवळ गणवेश व पगार पाहू नका. गोळी झेलणारे धैर्य पुष्कळांकडे असते. गोळी न झाडण्याचे धैर्य थोड्यांकडे. आणि वरिष्ठांना न आवडणारे सत्य कागदावर लिहून खाली सही करण्याचे धैर्य त्याहूनही थोड्यांकडे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे दार बारावीनंतर लेखी परीक्षेने उघडते, आणि २०२२ पासून ते मुलींनाही खुले आहे. गणित व इंग्रजी शाळेत शिकता येईल. हे तिसरे धैर्य मात्र घरातच शिकवावे लागते, आणि त्यासाठी मुलाने खरे सांगितले तर त्याच्यावर हात उगारू नये, एवढे तरी आपण करू या.