मणिकर्णिकेवरून ऐकलेली तोफ

४ जून १८५७, गुरुवार. उन्हं कलायला लागली आहेत, तरी काशीतल्या मणिकर्णिका घाटाच्या पायऱ्या तुमचे तळपाय भाजून काढतात. ज्येष्ठ महिना, गंगा खाली गेली आहे आणि पावसाळ्यात बुडणाऱ्या पायऱ्या उघड्या पडल्या आहेत. डाव्या हाताला बायजाबाई शिंद्यांचा घाट खचून पडलेला. त्याच्यापुढे पंचगंगेवर आलमगीर मशिदीचे दोन उंच मिनार, काशीकर ज्यांना माधवरावाचे धरहरे म्हणतात. नदीवर पूल शोधू नका. राजघाटाचा पूल व्हायला अजून ३० वर्षं आहेत.

होड्यांतून चितेचं लाकूड उतरतंय. काट्याच्या एका पारड्यात ओंडके, दुसऱ्यात दगडी वजनं. मयताचा थोरला मुलगा, डोकं नुकतंच भादरलेलं, काट्याकडे डोळे लावून उभा आहे. भाव ठरवतोय त्याचा काका.

तेवढ्यात वायव्येकडून धडाका ऐकू येतो. मग दुसरा. पारड्यावरचा माणूस हात आखडतो.

“दक्षिणी दिसता,” शेजारचे भटजी तुम्हाला मराठीत म्हणतात. “वाड्यावर चला. छावणीत काहीतरी पेटलंय.”

तुम्ही मात्र छावणीकडेच निघा. दीड-दोन कोसांची वाट आहे.

परेडच्या मैदानावर ३७ वी बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्री उभी होती. आझमगढची पलटण आदल्या रात्री उठल्याची बातमी आली आणि इथल्या साहेबांनी ३७ वीची हत्यारं काढून घ्यायचं ठरवलं. सकाळपर्यंत थांबू, असं एक मत होतं. आजच उरकू, असं कर्नल जेम्स नील यांचं. ते आपल्या मद्रास फ्युझिलियर्सची तुकडी घेऊन नुकतेच पोचले होते.

हुकूम झाला. शिपायांनी बंदुका कोतात, म्हणजे पलटणीच्या हत्यारघरात, ठेवायला सुरुवातही केली होती. एवढ्यात समोरून गोरी फौज तोफांसह सरकताना दिसली. निःशस्त्र करून आपल्याला गोळ्या घालणार, अशी ओरड उठली. ज्यांनी बंदुका ठेवल्या होत्या त्यांनी त्या परत उचलल्या आणि बार काढले. कॅप्टन ऑल्फर्ट्सच्या तीन तोफांनी छर्रे ओकले. गोऱ्यांचं बळ अडीचशेच्या आसपास, पण तोफा त्यांच्याकडे. सरकारच्या बाजूने आणलेली लुधियानाची शीख पलटणही गोंधळात सापडली. तिच्यातूनही गोळ्या सुटल्या आणि तोफांची तोंडं तिच्याकडेही वळली.

तुम्ही पोचता तेव्हा चांदणं पडलं आहे. पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आलेली. मैदानावर टोप्या, पट्टे, फुटलेल्या बंदुका. कोताच्या दाराशी काही बंदुका अजून नीट रांगेत टेकवलेल्या आहेत. त्या ठेवणारे हुकूम पाळत होते. त्यांना बंडखोर म्हणायचं की घाबरलेली माणसं, हे विचारायला त्या रात्री कुणाला सवड नव्हती.

९ जूनला बनारस आणि अलाहाबाद विभागात लष्करी कायदा पुकारला जाईल. फाशीचे खांब उभे राहतील, आंब्याच्या झाडांनाही दोर बांधले जातील. खेळता खेळता बंडवाल्यांचे झेंडे घेऊन ढोल बडवणारी काही पोरंही फासावर गेली, हे जॉन के या इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेवलं आहे. तिकडे झाशीत येत्या दोन दिवसांत १२ वी पलटण उठेल. तिथल्या विधवा राणीचं माहेरचं नाव मणिकर्णिका; मोरोपंत तांब्यांच्या या मुलीचा जन्म याच काशीतला.

आता परत या, आपल्या काळात. कोणाची आठवण राहिली ते पाहा. नील सप्टेंबर १८५७ मध्ये लखनौत मारले गेले. त्यांचा पुतळा मद्रासमध्ये उभारला गेला, दुसरा स्कॉटलंडमधल्या एअरमध्ये. मद्रासच्या पुतळ्याविरुद्ध १९२७ मध्ये सत्याग्रह झाला आणि १९३७ मध्ये राजाजींच्या सरकारने तो रस्त्यावरून काढून संग्रहालयात हलवला. मद्रास फ्युझिलियर्सची परंपरा रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सने १९२२ पर्यंत चालवली. ही ३७ वी मात्र बंगाल आर्मीच्या यादीतून गेली ती गेलीच. तिचा वारसा सांगणारी पलटण उरली नाही, मग तिचा दिवस पाळणार कोण?

पलटण टिकली की तिचा इतिहास टिकतो. मोडली की तिची माणसंही मोडीत निघतात. लढाईचं स्मरण करायचं तर हा हिशेब आपणच दुरुस्त केला पाहिजे. मणिकर्णिकेवर निपुत्रिकांसाठी, नाव-गोत्र ठाऊक नसलेल्यांसाठीही पाणी सोडतात. काशीला गेलात तर ३७ व्या पलटणीच्या नावानेही सोडा, आणि बरोबरच्या मुलांनी कोण म्हणून विचारलं तर ४ जूनची ही हकीकत त्यांना सांगा.